दोन लिप्या, एक फाईल

ठाकुर्लीच्या घरी जुना डेस्कटॉप आहे. त्यावर मुलांसाठी पायथॉनमध्ये एक छोटी शब्दपरीक्षा लिहायला घेतली: उर्दू शब्द आणि त्याचा मराठी अर्थ. कोडसाठी कोणता एडिटर घ्यावा असं विचारलं की लोक वेग, रंग, सोयी सांगतात. माझा प्रश्न वेगळा होता. एकाच ओळीत देवनागरी आणि उर्दू नीट दिसेल का?

हा प्रश्न संगणकाहून जुना आहे. मुंबईत मराठीसुद्धा शिळाछापावर छापली गेली. गणपत कृष्णाजी त्यातले अग्रणी. पण तिला धातूचे खिळेही मिळाले. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना 1869 सालचा. उर्दू मात्र कातिबाच्या कलमावरच राहिली. नस्तालीकमध्ये अक्षर शेजाऱ्याप्रमाणे आकार बदलतं, शब्द तिरका खाली उतरतो. ते खिळ्यांत मावेना. 1981 साली पाकिस्तानात मिर्झा अहमद जमील यांच्या हाताने लिहिलेल्या सुमारे 20 हजार जोड-आकारांतून मोनोटाइपच्या यंत्रासाठी नूरी नस्तालीक तयार झाला. 1994 मध्ये दिल्लीच्या इनपेजने नस्तालीक साध्या पीसीवर आणला.

मराठीकडे तेव्हा पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट होतं, 1991 चं इस्की हे मानक होतं, शिवाय श्रीलिपी, आकृती होतेच. दोन्हीकडे छपाई उत्तम चालली, पण आपापल्या खोलीत, दार लावून. इनपेजचा मजकूर वेबवर न्यायचा तर बहुतेक वेळा चित्र करूनच. मराठी फाईल योग्य फॉन्टशिवाय उघडली की इंग्रजी चिन्हांचा काला. महाराष्ट्रात एकाच गल्लीत बोलल्या जाणाऱ्या या दोन भाषा एका फाईलमध्ये भेटत नव्हत्या.

भेट घडवली युनिकोडने. 1991 च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीही होती आणि अरबी लिपीही. विंडोज 2000 पासून दोन्ही लिप्या साध्या पीसीवर लिहिता येऊ लागल्या.

तरी दिशेचा पेच उरलाच. कोडमध्ये अवतरणचिन्हांत दोन उर्दू शब्द स्वल्पविरामाने लिहा. फाईलमध्ये पहिला शब्द पहिलाच असतो, पण दिशेचे नियम पाळणारा एडिटर स्क्रीनवर दुसरा शब्द डावीकडे दाखवतो. स्वल्पविरामाला स्वतःची दिशा नाही, तो शेजाऱ्यांमागे जातो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटतं, यादी उलटली. या गोंधळाचा गैरफायदा घेऊन कोड जसा दिसतो तसा चालणार नाही, अशी फसवणूक करता येते, हे केंब्रिजच्या संशोधकांनी 2021 मध्ये दाखवलं. त्यानंतर व्हीएस कोड असली लपलेली दिशाचिन्हं ठळक दाखवू लागला.

विममध्ये उजवीकडून डावीकडे लिहिण्याची सोय आहे, पण ती पूर्ण खिडकीच उलटवते. मग मराठी आरशात! ईमॅक्सला 2012 च्या 24 व्या आवृत्तीपासून एकाच ओळीत दोन्ही दिशा जमतात. मी तोच घेतला. त्याची कळपट्ट्यांची कसरत अंगवळणी पडायला महिना गेला, ते वेगळं.

पण मुलं घरी ईमॅक्स कुठून आणणार? म्हणून शब्द कोडमधून काढले आणि वेगळ्या यूटीएफ-8 फाईलमध्ये ठेवले: एका ओळीवर उर्दू, खालच्या ओळीवर मराठी. एका ओळीत एकच दिशा. ती फाईल साध्या नोटपॅडमध्येही उघडते. नवा शब्द मुलांनीच भरायचा.