विंडोज, मॅक, लिनक्स आणि आपल्या दोन लिप्या

लॅपटॉप घ्यायचा म्हटले की पहिला प्रश्न किमतीचा असतो आणि दुसरा रॅमचा. त्यावर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम चालणार, हे बहुतेकांच्या बाबतीत दुकानदारच ठरवतो. विंडोज आधीच भरलेले असते, आपण ते घरी आणतो आणि विषय संपतो. पण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि हा विषय पुन्हा उघडला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे २०१७ च्या आधीचे बहुतेक लॅपटॉप धडधाकट असूनही अधिकृतपणे त्याच्या यादीत बसत नाहीत.

विचुंबे-पनवेल परिसरात असे लॅपटॉप घरोघरी आहेत. आता काय करायचे, हे पालकही विचारतात आणि सहकारी शिक्षकही. मी उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवते, म्हणून या प्रश्नाकडे लिपीच्या बाजूने पाहते. आपल्या घरात शाळेचा अर्ज मराठीत असतो, निकाहची पत्रिका उर्दूत, आणि जमातीची नोटीस दोन्हींत. एक लिपी डावीकडून उजवीकडे जाते, दुसरी उजवीकडून डावीकडे. दोन्हींना सांभाळून घेणारी सिस्टीम कोणती, हे समजायला थोडे मागे जावे लागेल.

मराठी आणि उर्दू संगणकापर्यंत दोन वेगळ्या वाटांनी आल्या. मराठीला एकोणिसाव्या शतकातच धातूचे खिळे मिळाले होते. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याने देवनागरी टाइप इतका घोटीव केला की त्याचे वळण पुढे अनेक दशके प्रमाण मानले गेले. उर्दूची नस्तालीक मात्र खिळ्यात बसेना. तिच्यात अक्षर शेजाऱ्याला पाहून आकार बदलते आणि शब्द तिरपा खाली उतरतो. म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत उर्दू दैनिके कातिब हाताने लिहीत आणि मग ती छापली जात. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी सुमारे २० हजार जोडआकार हाताने रेखाटले आणि मोनोटाइपच्या यंत्रासाठी 'नूरी नस्तालीक' तयार झाली. तेव्हा कुठे उर्दूचे पान यंत्रावर जुळू लागले.

भारतीय लिप्यांसाठी मोठे काम झाले ते आयआयटी कानपूरमध्ये आणि नंतर पुण्याच्या सी-डॅकमध्ये. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने जिस्ट कार्ड बाजारात आणले. हे कार्ड डॉसच्या संगणकात बसवले की पडद्यावर देवनागरी दिसायची. १९९१ मध्ये 'इस्की' हे भारतीय मानक ठरले. पण ते ब्राह्मीपासून निघालेल्या लिप्यांसाठी होते, त्यात उर्दू नव्हती. उर्दूसाठी 'पास्की' ही वेगळी व्यवस्था करावी लागली. म्हणजे आपल्या घरातल्या दोन भाषा संगणकाच्या हिशेबात दोन वेगळ्या खोल्यांत राहत होत्या.

त्याच १९९१ मध्ये आणखी दोन गोष्टी घडल्या. युनिकोडची पहिली आवृत्ती आली. जगातल्या सगळ्या लिप्यांना एकाच यादीत स्वतंत्र क्रमांक द्यायचे, ही तिची कल्पना. आणि हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सची घोषणा केली. त्या वेळी दोन्हींचा आपल्या छापखान्यांशी काही संबंध आला नाही.

छापखान्यांत नव्वदच्या दशकात राज्य आले ते विंडोजचे, आणि त्याचे कारण दोन प्रोग्राम होते. मराठीसाठी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, उर्दूसाठी १९९४ मध्ये आलेले इनपेज. इनपेजमध्ये नूरी नस्तालीक होती. कातिबाचे काम आता टेबलावरच्या संगणकावर होऊ लागले. ज्याला उर्दू छापायची त्याला इनपेज हवे, आणि इनपेज हवे तर विंडोज हवे, असा तो सरळ हिशेब होता. १९८४ मध्ये आलेला मॅकिंटॉश जगभरच्या छपाईत आघाडीवर होता, पण आपल्या गल्लीतल्या पत्रिकावाल्याला तो परवडणारा नव्हता.

पुढे शिक्षणानेही हीच सवय पक्की केली. २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम महाराष्ट्रातल्या लाखो लोकांनी केला. त्यात संगणक म्हणजे विंडोज आणि ऑफिस, हे समीकरण डोक्यात बसले. केरळने मात्र आयटी अ‍ॅट स्कूल प्रकल्पातून सरकारी शाळांत लिनक्स आणला आणि तिथली मुले त्यावरच शिकली. मुले दोन्हीकडची हुशारच. हाताला जे वळण लावले ते लागले.

युनिकोडने खरा फरक २००० नंतर पडला. विंडोज २००० मध्ये देवनागरीची सोय आली आणि 'मंगल' हा फॉन्ट आला. त्याची अक्षरे रेखली होती मुंबईच्या प्रा. र. कृ. जोशी यांनी. पुढे त्यांच्याच हातचे फॉन्ट मुंबईच्या एनसीएसटीतून लिनक्ससाठीही मुक्त परवान्यावर मिळाले. लिनक्सवरचा 'लोहित' फॉन्टही मूळ मॉड्युलर इन्फोटेकचा, तो रेड हॅटने सर्वांसाठी खुला केला. म्हणजे सिस्टीम परदेशी असल्या तरी त्यांतली आपली अक्षरे मुंबई-पुण्याची आहेत.

विंडोज एक्सपी ज्यांनी वापरले त्यांना एक चौकट आठवेल. भाषेच्या सेटिंगमध्ये 'गुंतागुंतीच्या लिप्या आणि उजवीकडून डावीकडे लिहिल्या जाणाऱ्या भाषा' अशा अर्थाची ओळ होती. तिच्यापुढे खूण केली, सीडी घातली, की मराठी आणि उर्दू दोन्ही एकदमच सुरू होत. सरकारी मानकांनी ज्यांना दोन खोल्यांत ठेवले होते त्या एका खुणेवर एकत्र आल्या.

आज कोणती सिस्टीम घ्यावी? कीबोर्ड तिन्हींत आहेत. मराठीसाठी इनस्क्रिप्टही मिळतो आणि उर्दूचाही वेगळा कीबोर्ड मिळतो. उर्दूसाठी अरबी कीबोर्ड निवडू नका, त्यात टे, डाल, डे नसतात. नस्तालीक विंडोजमध्ये विंडोज ८ पासून 'उर्दू टाइपसेटिंग' या फॉन्टमुळे आली. मॅकमध्ये 'नोटो नस्तालीक' आहे आणि तोच फॉन्ट लिनक्सवर फुकट बसवता येतो. परीक्षा घ्यायची तर 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे दोन शब्द लिहून पाहा. दुसऱ्यात रफार न येता आडवा र आला तर मराठी ठीक. मग त्याच ओळीत एक उर्दू शब्द घाला. ओळ विस्कटली नाही तर उर्दूही ठीक.

बाकी फरक रोजच्या कामाचे आहेत. शाळेच्या कार्यालयातून येणाऱ्या एक्सेलच्या फाइली, जुना प्रिंटर, इनपेज यांसाठी विंडोज सोयीचे. मॅकची बॅटरी आणि बांधणी चांगली, पण तो फक्त अ‍ॅपलच्याच यंत्रावर चालतो आणि आपल्या बजेटच्या बाहेर जातो. लिनक्स फुकट आहे, जुन्या लॅपटॉपवर हलका चालतो, त्यासोबत लिब्रेऑफिस मिळते आणि सरकारी पोर्टल ब्राउझरमध्ये उघडतात. मुलांच्या अभ्यासासाठी, टायपिंगसाठी, इंटरनेटसाठी ते पुरेसे आहे. आपला प्रिंटर त्यावर चालतो का, तेवढे आधी पेन ड्राइव्हवरून सुरू करून पाहावे. त्यासाठी विंडोज पुसावे लागत नाही.

मात्र सिस्टीम बदलताना खरी अडचण वेगळीच समोर येते. पंचवीस वर्षांपूर्वी श्रीलिपीत टाइप केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की इंग्रजी अक्षरांचा भुगा दिसतो. इनपेजची फाइल इनपेजशिवाय उघडतच नाही. या फाइलींत काय आहे? मदरशाच्या स्मरणिका, जमातीच्या ठरावांच्या प्रती, मुशायऱ्यांची निवेदने, गेलेल्या उस्तादांनी तयार केलेल्या प्रश्नपत्रिका. कागद वाळवीने खाल्ला, आणि फाइल आहे पण वाचता येत नाही. आपल्या लोकांचा लिखित इतिहास आधीच थोडा, त्यात हा एवढा तुकडा एका प्रोग्रामच्या किल्लीवर अडकला आहे.

म्हणून माझे सांगणे सोपे आहे. जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी किंवा त्यावर लिनक्स टाकण्याआधी त्यातल्या अशा फाइली शोधा. इनपेज आणि श्रीलिपीतला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी साधने आज उपलब्ध आहेत. बदललेला मजकूर मूळ छापील प्रतीशी ताडून पाहा, कारण जोडाक्षरांत आणि नुक्त्यांत चुका राहतात. हे काम नववी-दहावीची मुले सुट्टीत करू शकतात, आणि ते करताना त्यांचे वाचनही होईल.

एकदा मजकूर युनिकोडमध्ये आला की विंडोज, मॅक, लिनक्स यांतले काहीही निवडा. पैसे, प्रिंटर आणि सवय पाहून ठरवा. सिस्टीम दहा वर्षांनी पुन्हा बदलेल, तेव्हा आपले लिहिलेले आपल्याबरोबर पुढे येईल.