बोंडू तोच, कायदा वेगळा: काजूच्या दारूचा इतिहास

मार्च ते मे दरम्यान चंदगड-आजऱ्यातल्या काजूच्या बागेत गेलात, तर बऱ्याच ठिकाणी झाडाखाली बोंडूंचा सडा दिसेल. बी काढून घेतात, बोंडू तिथंच कुजतो. वजनानं बघाल तर बोंडू बीपेक्षा पाच ते दहा पट भरतो. तिलारी घाट उतरून दोडामार्गावरून गोव्यात गेलात की याच बोंडूची फेणी होते. तिला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फळ तेच, हंगाम तोच. मग फरक कुठून आला?

आपण सायन्सवाले आधी केमिस्ट्रीकडे धावतो. तर ती उरकून घेऊ. बोंडूच्या रसात साधारण 10 टक्के साखर असते. फळ नाजूक, त्यामुळे एका दिवसातच आंबायला लागतं. गोव्यात बोंडू तुडवून रस काढतात, तो काही दिवस आंबवतात आणि भट्टीवर चढवतात. पहिल्या धारेचा उर्राक सौम्य, साधारण 15 टक्के अल्कोहोलचा. तो आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा उकळला की 42-45 टक्क्यांची फेणी मिळते. फ्रान्समध्ये नॉर्मंडीतले लोक सफरचंदाच्या रसापासून कॅल्व्हाडोस ब्रँडी करतात, तिचंही तत्त्व हेच: जे फळ टिकत नाही, ते बाटलीत टिकवायचं. यातलं काहीही चंदगडात अशक्य नाही. म्हणजे उत्तर प्रयोगशाळेत सापडणार नाही.

आता कायद्याची पुस्तकं उघडा. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यानं ब्रिटिशांनी दारू गाळण्यावर सरकारी पकड घट्ट केली. गावोगावच्या भट्ट्यांऐवजी परवाना, मक्ता आणि मोठी केंद्रं आली. हेतू महसुलाचा होता. 1892 मध्ये तर मोहफुलांसाठी वेगळा कायदा झाला आणि ठाणे-कुलाब्यात फुलं गोळा करण्यावर आणि बाळगण्यावरच बंधनं आली. बघा, दारूच्या आधी कच्चा मालच कायद्यात अडकला.

पुढं 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला. तेव्हा चंदगड बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे मुंबई प्रांतातच होतं. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव म्हैसूरकडे गेलं, चंदगड कोल्हापूरला जोडलं गेलं. घाटाखालचा गोवा मात्र 1961 पर्यंत पोर्तुगीजांकडे होता. काजूचं झाडसुद्धा त्यांनीच ब्राझीलहून आणलेलं. तिथं दारूबंदी आली नाही; मुक्तीनंतर 1964 मध्ये गोव्याचा स्वतंत्र अबकारी कायदा झाला आणि परवान्याखाली भट्ट्या चालू राहिल्या. काजूच्या हंगामी लिलावाला तिकडं ‘पावणी’ म्हणतात. बिनपरवाना घरी दारू गाळणं दोन्हीकडे गुन्हाच आहे, हे लक्षात असू द्या. फरक इतकाच की गोव्यात छोट्या भट्टीवाल्याला परवान्याची वाट होती. आपल्याकडे शेतकऱ्याची ती वाट पिढ्यान्‌पिढ्या बंद राहिली. वाट बंद झाली की भांडी जातात, हातातली कला जाते आणि शेवटी बोंडू म्हणजे कचरा असं वाटायला लागतं.

गंमत पुढंच आहे. 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळानं काजू बोंडू आणि मोहफुलांपासूनच्या मद्याचा दर्जा ‘देशी’वरून ‘विदेशी’ करायचं ठरवलं. घाटातल्या बोंडूची दारू विदेशी! रसायनशास्त्रात या शब्दाला काही अर्थ नाही. पण कर किती, विक्री कुठं, भांडवल कुणाकडं, हे त्याच शब्दावर ठरतं.

संशोधनाचा विषय शोधताय ना? मग हे डोक्यात ठेवा. ‘बोंडूवर प्रक्रिया’ असा प्रस्ताव लिहिताना आपण टॅनिन, यीस्ट, तापमान हे सगळं व्यवस्थित मांडतो आणि पहिल्याच परिच्छेदात ‘तंत्रज्ञानाअभावी फळ वाया जाते’ असं लिहून मोकळे होतो. हे वाक्य तपासल्याशिवाय लिहू नका. गोव्यात तंत्रज्ञान म्हणजे एक भांडं, एक चूल आणि गार पाणी. रिव्ह्यू ऑफ लिटरेचरमध्ये शोधनिबंधांच्या जोडीला त्या विषयाचे कायदे आणि जुनी गॅझेटियर्सही वाचा. नाहीतर तीन वर्षं राबून तुम्ही अशा अडचणीवर उपाय काढाल, जी शेतकऱ्याला कधी नव्हतीच.