माणूस आणि प्राणी यांचा संवाद : कान्हाच्या वनातील बोली

जबलपूरहून सुमारे १६० किलोमीटर अंतरावर, मध्य प्रदेशातील मंडला आणि बालाघाट जिल्ह्यांत कान्हा व्याघ्र प्रकल्पाचे सालवन पसरले आहे. या वनात पायी गस्त घालणाऱ्या वनरक्षकाला वाघ दिसण्यापूर्वी बहुधा त्याची वार्ता कळते. तीही अन्य प्राण्यांच्या तोंडून.

धोक्याची सूचना

झाडाच्या शेंड्यावरील वानर खाकरल्यासारखा आवाज काढते, चितळ तीक्ष्ण स्वरात ओरडते, सांबर घुमणारी हाक देते. या हाका माणसाला उद्देशून नसतात. तरीही मोहफुले वेचणाऱ्या आणि तेंदूपाने तोडणाऱ्या गोंड व बैगा कुटुंबांना त्या उमगतात. प्रसंगी त्यांवर जीव अवलंबून असतो. चितळ क्षुल्लक कारणानेही बिचकते. सांबराच्या हाकेवर मात्र जाणकार अधिक विश्वास ठेवतात.

अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज शालर यांनी १९६३ ते १९६५ या काळात कान्हा येथे वाघ आणि हरणांचा अभ्यास केला. त्यावरील त्यांचा ग्रंथ १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९८० च्या दशकात पॉल न्यूटन यांनी येथील वानरे आणि चितळ यांच्या सहवासाची पाहणी केली. वानरांनी खाली टाकलेली पाने व फळे चितळांना मिळतात आणि एकाच्या इशाऱ्याने दुसराही सावध होतो.

माहूत आणि हत्ती

कान्हामध्ये गस्तीसाठी पाळीव हत्तींचा उपयोग होतो. पावसाळ्यात वाहनांचे मार्ग बंद झाल्यावर त्यांचे महत्त्व अधिकच वाढते. माहूत थोड्या शब्दांनी आणि हत्तीच्या कानामागे दिलेल्या पायाच्या दाबाने आज्ञा देतो. हत्तीही सोंड, कान आणि देहाच्या हालचालींतून आपली भीती वा अनिच्छा व्यक्त करतो. ती वेळीच ओळखणे हे माहुताचे खरे कौशल्य होय.

हत्तींचे काही बोल माणसाला ऐकूच येत नाहीत. साधारणतः २० हर्ट्झपेक्षा कमी कंपनसंख्येचा ध्वनी आपल्या कानांना जाणवत नाही. हत्ती त्याहूनही खालच्या स्वरात परस्परांना साद घालतात. केटी पेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये आशियाई हत्तींबाबत हे सिद्ध केले.

दक्षिण कोरियातील कोशिक नावाचा हत्ती सोंड तोंडात घालून पाच कोरियन शब्दांचे अनुकरण करतो, असे २०१२ मध्ये जाहीर झाले. लहानपणी काही वर्षे त्याच्याजवळ दुसरा हत्ती नव्हता. शब्दांचा अर्थ समजून तो बोलतो, असा पुरावा मात्र मिळाला नाही. माणसांशी जवळीक साधण्यासाठी त्याने हे आत्मसात केले असावे, असे संशोधकांचे मत आहे.

दुहेरी संवाद

मोझांबिकमध्ये 'हनीगाइड' हा पक्षी माणसांना मधाच्या पोळ्यापर्यंत नेतो. मध गोळा करणाऱ्यांनी परंपरागत हाक दिल्यास पोळे सापडण्याची शक्यता १७ टक्क्यांवरून ५४ टक्क्यांवर जाते, असे २०१६ मधील अभ्यासात आढळले. येथे दोन्ही पक्ष परस्परांना उद्देशून बोलतात.

मध्य प्रदेशात या ज्ञानाची निकड वाढली आहे. २०१८ पासून छत्तीसगडमधून आलेले रानहत्ती बांधवगड परिसरात स्थिरावले. हत्तींच्या सहवासाची सवय नसलेल्या तेथील गावांना आता त्यांचे इशारे नव्याने शिकावे लागत आहेत.