चंद्रपूर-गडचिरोलीहून लुंबिनी : विमानाशिवाय, रेल्वे आणि रस्त्याने

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली आणि पुढच्याच महिन्यात ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले. आज चंद्रपूर-गडचिरोलीतील गावोगावच्या विहारांतून लुंबिनीच्या धम्मसहली निघतात. त्यात पहिलाच प्रश्न येतो, नेपाळ परदेश, मग पासपोर्ट आणि विमान लागणार का? दोन्हींची गरज नाही.

अलीकडे विमानतळांची चर्चा फार झाली. कुशिनगरचा आंतरराष्ट्रीय विमानतळ ऑक्टोबर २०२१ मध्ये, तर लुंबिनीजवळच्या भैरहवा येथील विमानतळ मे २०२२ मध्ये सुरू झाला. दूरदेशीच्या यात्रेकरूंसाठी हे ठीकच. पण नागपूरहून भैरहव्याला थेट विमान नाही. दिल्ली, काठमांडू असा वळसा घालून पुन्हा दक्षिणेला तराईत उतरायचे, आणि वाटेतले कुशिनगर राहूनच जायचे. धानकापणीच्या मजुरीतून पैसे साठवणाऱ्या उपासिकेसाठी ही वाट नाही.

बल्लारशाहहून राप्तीसागर एक्स्प्रेस नागपूर, भोपाळ, झाशी, कानपूर, लखनौमार्गे थेट गोरखपूरला जाते. ती रोज नसते, म्हणून आधी गाडीचा वार पाहून मगच सहलीची तारीख ठरवावी. आरक्षण ६० दिवस आधी उघडते. वडसा, आरमोरीकडच्यांना वडसा स्थानकावरून बल्लारशाह गाठता येते. अहेरी, आलापल्लीकडच्यांना एस.टी.नेच यावे लागते, त्यामुळे एक दिवस जास्तीचा धरावा. डिसेंबर-जानेवारीत उत्तरेत दाट धुके पडते आणि गाड्या तासन्‌तास रखडतात. नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी बरा.

गोरखपूरहून कुशिनगर सुमारे ५० किलोमीटर पूर्वेला आहे. तथागतांच्या महापरिनिब्बानाचे हे स्थळ आधी करून घ्यावे आणि मग उत्तरेला सोनौलीकडे निघावे. गोरखपूर ते सोनौली हा बसचा रस्ता साधारण १०० किलोमीटरचा. सोनौलीत कमान ओलांडून पायी चालत गेले की नेपाळातील बेलहिया लागते. तिथून भैरहवा चार-पाच किलोमीटर आणि पुढे लुंबिनी वीस-बावीस किलोमीटर. सीमा शक्यतो दिवसाउजेडी ओलांडावी.

भारतीय नागरिकाला नेपाळचा व्हिसा लागत नाही. पासपोर्ट नसेल तर निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र चालते. गोंधळ होतो तो आधारवरून. १५ वर्षांखालील मुले आणि ६५ वर्षांवरील ज्येष्ठ यांना आधार चालते. मधल्या वयाच्यांनी केवळ आधारवर विसंबू नये. कार्डावरचा फोटो वीस वर्षांपूर्वीचा, ओळखू न येणारा असेल तर निघण्यापूर्वी नवे कार्ड काढून घ्यावे. पन्नास जणांच्या तुकडीत एकाचे कागद अडले की सगळे खोळंबतात. सीमेवर ‘परमिट काढून देतो’ म्हणणारे भेटतील. परमिट माणसाला लागत नाही, गाडीला लागते. गावाहून ट्रॅव्हल्सची बस नेली असेल तर तिचा ‘भन्सार’, म्हणजे नेपाळी जकात, भरावा लागतो आणि त्यात वेळ जातो. मोठी बस सोनौलीत उभी करून पलीकडची स्थानिक बस घेणे पुष्कळदा सोयीचे.

भारताच्या १०० रुपयांचे नेपाळी १६० होतात. शंभराच्या आणि त्याहून लहान नोटा पुरेशा ठेवाव्यात. आपले सिमकार्ड रोमिंगशिवाय तिकडे चालत नाही, तेव्हा भेटण्याची जागा आणि वेळ आधीच ठरवावी. वेळ ठरवताना नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे असते, हेही सांगून ठेवावे.

लुंबिनीत मायादेवी मंदिराशेजारी सम्राट अशोकांचा स्तंभ आहे. तथागतांचा जन्म इथे झाला म्हणून लुंबिनी गावाचा ‘बली’ हा कर माफ केला आणि उपजाचा आठवा भाग तेवढा ठेवला, असे त्यावर कोरलेले आहे. शेतकरी यात्रेकरूंना हा लेख कुणीतरी वाचून, समजावून सांगावा; बहुतेक जण स्तंभासोबत फोटो काढून पुढे जातात.

परतताना सवड असेल तर पिपरहवा पाहावे. हे भारताच्या हद्दीत, सिद्धार्थनगर जिल्ह्यात आहे. १८९८ मध्ये तिथल्या स्तूपात अस्थिधातू सापडले. कपिलवस्तू हेच की नेपाळातील तिलौराकोट, हा वाद अजून मिटलेला नाही. रस्त्याने जाणाऱ्याला दोन्ही जागा एकाच फेरीत पाहता येतात.