नो-व्होल्ट स्विच

घरगुती कार्यशाळेतील गोल करवत, रंधायंत्र, बेंच ग्राइंडर, लेथ अशा मोटरवर चालणाऱ्या यंत्रांचा सुरक्षा स्विच. वीज गेली की तो सुटतो आणि वीज परत आली तरी हिरवे बटण पुन्हा दाबेपर्यंत यंत्र सुरू होत नाही. साधा खटका मात्र लाइट गेल्यावरही ‘चालू’वरच राहतो. अडकलेली फळी काढायला माणूस पात्याशी वाकतो आणि नेमकी तेव्हाच लाइट येते. अपघात होतो तो इथे.

स्विचच्या आत स्प्रिंगने एकमेकांपासून दूर ठेवलेले संपर्क आणि त्यांना ओढून धरणारी कॉइल असते. हिरवे बटण दाबताच कॉइलचे चुंबक संपर्क जुळवते. सोबत जुळणारा एक साहाय्यक संपर्क बटण सोडल्यावरही कॉइलला वीज पुरवत राहतो. तांबडे बटण हा पुरवठा तोडते. व्होल्टेज फार उतरले तरी पकड सुटते : प्रमाणित काँटॅक्टर (कॉइलने संपर्क ओढून धरणारी ही यंत्रणा) नियत व्होल्टेजच्या ८५ टक्क्यांवर ओढला गेला पाहिजे आणि ७५ ते २० टक्क्यांच्या दरम्यान सुटला पाहिजे.

महाराष्ट्रात हेच तत्त्व विहिरीवरच्या पंपाच्या स्टार्टरमुळे खेडोपाडी परिचित आहे. रात्री-अपरात्री लाइट आली की पंप आपोआप सुरू व्हावा म्हणून शेतकरी त्याला ‘ऑटो’ बसवतात. भारनियमनाच्या वेळा पाहता त्यांना दोष देता येत नाही. पण ऑटोसकटचा तोच जुना स्टार्टर करवतीला जोडला, तर स्विच असून नसल्यासारखा. शिवाय थ्री-फेज स्टार्टरची कॉइल बहुधा ४१५ व्होल्टची असते. घरच्या २३० व्होल्टवर ती नीट ओढत नाही, नुसती घुरघुरते. ती बदलावी लागते. अशा स्टार्टरमधील ओव्हरलोड रिलेत तीन द्विधातू पट्ट्या असतात. जादा प्रवाहाने त्या तापून वाकतात आणि कॉइलचा पुरवठा तोडतात. सिंगल-फेज मोटर जोडताना प्रवाह तिन्ही पट्ट्यांतून क्रमाने फिरवून घेतात आणि रिले मोटरच्या पाटीवरील अँपिअरला लावतात. वारंवार ट्रिप होतो म्हणून त्याचा काटा पुढे सरकवला की मोटर जळते.

पिवळ्या पार्श्वभूमीवरचे तांबडे, छत्रीसारखे आपत्कालीन बटण दाबल्यावर अडकून राहते. ते फिरवून मोकळे केले, तरी यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. नो-व्होल्ट स्विच आणि हे बटण, दोन्ही ब्रेक नव्हेत. वीज तुटल्यावरही पाते काही काळ फिरतच राहते. विजेच्या धक्क्यापासूनही ते वाचवत नाहीत. त्यासाठी अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (प्रवाहाची गळती होताच वीज तोडणारा स्विच) लागतो. पाते बदलताना प्लगच काढावा.

स्विचची परीक्षा सोपी आहे. यंत्र मोकळे चालवून भिंतीवरचा मेन स्विच बंद करावा, पाते पूर्ण थांबू द्यावे आणि दूर उभे राहून मेन पुन्हा चालू करावा. यंत्र हलले, तर दुरुस्त होईपर्यंत त्यावर काम करू नये.