सागरी रोमिंग

सागरी रोमिंग : प्रवासी जहाजावरच्या मोबाइल जाळ्यातून मिळणारी फोन, संदेश व डेटा सेवा. जहाज किनाऱ्यापासून दूर गेले की जमिनीवरच्या टॉवरची पोच संपते. मग जहाजावरची छोटी मोबाइल केंद्रे सुरू होतात आणि रोमिंग चालू असलेला फोन आपोआप त्यांना जोडला जातो. दराच्या हिशेबात हे जाळे कोणत्याच देशाचे नसते. म्हणून सिंगापूरसाठी किंवा युरोपसाठी घेतलेला पॅक बहुधा तिथे लागू होत नाही, आणि जहाजप्रवासानंतर आलेल्या अवाच्या सवा बिलाचे मूळ बऱ्याचदा यातच असते. युरोपीय संघाने जून 2017 पासून सदस्य देशांतले जादा रोमिंग शुल्क काढून टाकले. जहाजांवरची उपग्रह जाळी मात्र त्या सवलतीत येत नाहीत.

हे दर चढे असण्याचे कारण अवसरी बुद्रुकच्या (ता. आंबेगाव) वाचकाला घराजवळच समजून घेता येते. मंचरहून पुणे–नाशिक रस्त्याने उत्तरेकडे गेले की नारायणगाव लागते आणि तिथून जवळच जुन्नर तालुक्यातले आर्वी. तिथे 1971 मध्ये ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसचे विक्रम उपग्रह भूकेंद्र सुरू झाले. सुमारे 30 मीटर व्यासाच्या त्याच्या तबकडीने इंटेलसॅट उपग्रहामार्फत भारताला परदेशांशी जोडले. पुढे इन्मारसॅट उपग्रहांवरून जहाजांशी होणारे दळणवळणही आर्वीतून चालू लागले. भर समुद्रातल्या माणसाचे बोलणे जुन्नरच्या माळावर उतरून देशभर जात असे. आजच्या प्रवासी जहाजावरही फोनपासून जहाजाच्या केंद्रापर्यंतचा पल्ला काही मीटरचा असतो. पुढचा सारा भार उपग्रह आणि भूकेंद्र वाहतात. त्या मार्गाचे भाडे आणि जहाजावरचे जाळे चालवणाऱ्या कंपनीचा आकार असे दोन्ही बिलात येतात.

फोन हातातही न घेता बिल चढते, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना नेमके हेच आधी सांगायला हवे. फोटोंची आपोआप साठवण, ॲपची अद्ययावत आवृत्ती, व्हॉट्सॲपवर उतरणारे व्हिडिओ हे सारे पडद्यामागे डेटा खाते. समजा, दर एका एमबीला 500 रुपये असेल, तर 4 एमबीचा एक फोटो 2,000 रुपयांना पडेल. ‘फोन उचलला नाही तर दुसऱ्या क्रमांकावर वळवा’ ही सोय चालू असेल, तर न उचललेला फोन आधी जहाजापर्यंत येतो व मग परत भारतात वळतो. त्यामुळे दोन्ही फेऱ्यांचे पैसे लागू शकतात. निघण्यापूर्वी ती बंद करावी.

उपाय साधा आहे. जहाजावर चढताच फोन फ्लाइट मोडवर टाकून फक्त वायफाय चालू करावे आणि जहाजाचा इंटरनेट पॅक घ्यावा. दोन सिम असतील तर डेटा रोमिंग दोन्हींवर बंद हवे. बंदरावर उतरल्यावर तिथले सिम किंवा देशाचा पॅक वापरावा. किनाऱ्याजवळ शेजारच्या देशाचा टॉवर फोन पकडू शकतो, जसे सिंगापूरजवळ इंडोनेशियाचा. म्हणून जाळे हाताने निवडणे उत्तम. फ्लाइट मोडवर बँकेचा ओटीपी संदेश येत नाही, तेव्हा पैशांची कामे बंदरासाठी राखून ठेवावीत.

मुंबईहून गोवा व लक्षद्वीपकडे कॉर्डेलिया या प्रवासी जहाज कंपनीच्या फेऱ्या सप्टेंबर 2021 मध्ये सुरू झाल्या. देशातल्या देशात जाणाऱ्यानेही जहाजाच्या जाळ्याचा दर आधी विचारून घ्यावा.

प्रीपेडमध्ये नुकसान शिलकीपुरते राहते. पोस्टपेडमध्ये परक्या जाळ्यावरच्या वापराची नोंद मूळ कंपनीकडे उशिरा पोचू शकते, म्हणून धोका मोठा. 2020 मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने ग्राहक संरक्षण विनियमांत दुरुस्ती केली. तिच्यानुसार आंतरराष्ट्रीय रोमिंग ग्राहकाने मागितल्याशिवाय बंद राहते, आणि पॅकमधला डेटा 50, 80 व 100 टक्के संपल्यावर संदेश येतो. बिलाबद्दल वाद असल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे व नंतर तिच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. ग्राहक आयोगाचा मार्गही खुला आहे; दूरसंचार सेवेच्या तक्रारी तिथे चालू शकतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2022 मध्ये दिला.