जुनी इलेक्ट्रिक गाडी कधी बदलायची? प्रश्न शंभर वर्षांपूर्वीचाच आहे

गेल्या काही महिन्यांत एक प्रश्न मला बाजारात, बँकेत, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे विचारला जातोय. "भाऊ, तुम्ही पेपरवाले, तुम्हाला माहीत असेल. इलेक्ट्रिक गाडीला पाच वर्षं झाली. आता काढून टाकू का? नवीन मॉडेल म्हणे चारशे किलोमीटर जातंय."

विचारणारी माणसं म्हणजे आपल्या तालुक्यात पहिल्यांदा ही गाडी घेणारे. एखादे डॉक्टर, एक-दोन शिक्षक, एखादा जिनिंगवाला. तेव्हा लोक त्यांना हसले होते. आता त्यांनाच झोप नाही, कारण त्या काळातल्या बहुतेक गाड्यांच्या बॅटरीची वॉरंटी 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. म्हणजे 2020 च्या गाड्यांची वॉरंटी 2028 पासून संपायला लागेल. आरसी मात्र 15 वर्षांची. मधल्या सात वर्षांत त्या गाडीवर कोण विश्वास ठेवणार, हा खरा प्रश्न. या सात वर्षांच्या भीतीवरच आज जुन्या गाडीचा भाव पडतोय.

मी मेकॅनिक नाही, बातमीदार आहे. मेकॅनिक बोनट उघडतो, बातमीदार जुन्या फायली. त्या उघडल्यावर लक्षात आलं की हा प्रश्न आपल्या आधी बऱ्याच लोकांना पडून गेलाय.

1900 च्या सुमारास अमेरिकेत बनणाऱ्या मोटारींपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त मोटारी विजेवर चालणाऱ्या होत्या. पेट्रोलची गाडी हँडल मारून सुरू करावी लागे, हात मोडायची भीती. विजेची गाडी बटण दाबलं की निघाली. हेन्री फोर्ड स्वतः पेट्रोलवरची मॉडेल टी हजारोंनी काढत होते, पण त्यांच्या पत्नी क्लारा फोर्ड चालवायच्या डेट्रॉइट इलेक्ट्रिक!

पण मालकाची भीती तेव्हाही हीच. गाडीचा सांगाडा टिकायचा, शिशाची बॅटरी आधी थकायची. मग गाडी बदलायची की बॅटरी? अमेरिकेतल्या हार्टफर्ड शहराच्या वीज कंपनीनं 1910 च्या सुमारास यावर झकास तोड काढली. व्यापाऱ्यानं इलेक्ट्रिक ट्रक बिनबॅटरीचा घ्यायचा. बॅटरी वीज कंपनीची. महिन्याला ठरलेली रक्कम आणि वर मैलामागे भाडं. उतरली की चार्ज केलेली बसवून न्यायची. ही सेवा 1924 पर्यंत चालली. बॅटरी म्हातारी झाली तर ते दुखणं कंपनीचं, ट्रकवाल्याचं नाही.

हे वाचून काही आठवलं का? 2024 मध्ये आपल्याकडे एमजी विंडसर आली, तेव्हा हीच योजना होती. गाडी 9 लाख 99 हजारांपासून, आणि बॅटरीचं भाडं किलोमीटरला साडेतीन रुपये. जाहिरातीत ते एकदम नवीन वाटलं. आयडिया शंभर वर्षांपूर्वीची.

मग तेव्हाच्या विजेच्या गाड्या गेल्या कुठं? 1912 मध्ये कॅडिलॅकनं पेट्रोल गाडीला सेल्फ स्टार्टर बसवला. हँडल मारणं संपलं. पेट्रोल स्वस्त झालं, मॉडेल टीचा भाव पडत गेला. एडिसनची जास्त टिकणारी निकेल-लोखंडाची बॅटरीही तोपर्यंत बाजारात आली होती, पण गिऱ्हाईकच सरकलं होतं. पहिला धडा इथं सापडतो. गाडी नुसत्या बॅटरीनं जुनी होत नाही. शेजारी काय स्वस्त झालं, त्यानंही होते.

दुसरा धडा कॅलिफोर्नियाचा. 1996 मध्ये जनरल मोटर्सनं ईव्ही-1 काढली. एकूण 1,117 गाड्या. पण कुणाला विकली नाही, फक्त लीजवर दिली. लोकांना ती आवडली. कंपनीनं कार्यक्रम गुंडाळला तेव्हा काही जण म्हणाले, आम्ही विकत घेतो, पुढची जबाबदारी आमची. कंपनीनं ऐकलं नाही. गाड्या परत घेतल्या आणि बहुतेक चिरडून टाकल्या. काही तेवढ्या म्युझियममध्ये गेल्या. त्या लोकांना "गाडी कधी बदलू?" हा प्रश्न पडायची मुभाच नव्हती. तो निर्णय दुसऱ्यानं घेतला.

इस्रायलमध्ये बेटर प्लेस नावाच्या कंपनीनं बॅटरी बदलून देणारी स्टेशनं उभारली. गाडी रेनॉची, बॅटरी बेटर प्लेसची. 2013 च्या मे महिन्यात कंपनी बुडाली आणि धडधाकट गाड्यांचे मालक अडकले. म्हणून भाड्याची बॅटरी वाईट असं मी म्हणत नाही. हार्टफर्डला ती चौदा वर्षं चालली. पण बॅटरी ज्याची, त्याचं दुकान किती वर्षं उघडं राहील हे बघावं लागतं.

आता आपल्या देशात येऊ. 2001 मध्ये बंगळूरच्या चेतन मैनी यांच्या कंपनीनं रेवा बाजारात आणली. दोन दारांची, टोपलीएवढी. घरातल्या इन्व्हर्टरसारख्या लेड-ॲसिड बॅटऱ्या, अधूनमधून पाणी टाकायचं, एका चार्जवर 80 किलोमीटरच्या आसपास. आपल्याकडे तिची चेष्टा झाली, पण लंडनमध्ये ती जी-विझ नावानं बरीच खपली. कारण? शहराच्या मध्यभागी गाडी नेण्यावर लागणारा कंजेशन चार्ज तिला माफ होता. रेवाच्या मालकाला बॅटरी बदलायची भीती वाटायची नाही. काही वर्षांनी संच बदलायचा हे त्यानं धरलेलंच असायचं, जसे आपण टायर धरतो. 2009 मध्ये लिथियमवाली रेवा आली, 2010 मध्ये महिंद्रानं कंपनीचा मोठा हिस्सा घेतला, 2013 मध्ये ई-टू-ओ आली आणि काही वर्षांत तीही बंद झाली.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मात्र निसान लीफची, आणि ती आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या प्रत्येकानं ऐकावी. 2010 च्या डिसेंबरमध्ये लीफ आली. बॅटरी 24 किलोवॅट-तासांची, आपल्या मीटरच्या भाषेत 24 युनिटची. अमेरिकी सरकारी चाचणीत रेंज 73 मैल, म्हणजे साधारण 117 किलोमीटर. तिच्या बॅटरीला पाण्यानं थंड ठेवायची सोय नव्हती. दोन वर्षांत ॲरिझोनातल्या फिनिक्समधून तक्रारी आल्या. तिथला उन्हाळा म्हणजे आपल्या अकोल्याचा मोठा भाऊ. बॅटरी अपेक्षेपेक्षा लवकर खालावली होती. प्रकरण कोर्टात गेलं. मग निसाननं बॅटरीच्या क्षमतेची हमी दिली: 5 वर्षं किंवा 60 हजार मैलांत बारापैकी नऊ कांड्यांच्या खाली गेली तर आम्ही दुरुस्त करू. 2014 मध्ये जुनी बॅटरी देऊन नवी घ्यायचा भावही जाहीर केला: 5,499 डॉलर.

इथं इतिहासानं वळण घेतलं. भीतीला आकडा मिळाला. आणि आकडा मिळाला की माणूस हिशेब करू शकतो.

पुढं बॅटरीच स्वस्त होत गेली. 2010 मध्ये एक किलोवॅट-तासाच्या पॅकचा जागतिक सरासरी भाव हजार डॉलरच्या वर होता. 2024 मध्ये तो 115 डॉलरवर आला. त्यामुळे नव्या गाडीत बॅटरी मोठी झाली. आपल्या रांजणगावात बनणारी नेक्सॉन ईव्ही बघा. जानेवारी 2020 मध्ये 30.2 युनिट आणि चाचणीत 312 किलोमीटर. 2022 च्या मॅक्समध्ये 40.5 युनिट, 437 किलोमीटर. 2024 मध्ये 45 युनिट आणि 489. हे चाचणीचे आकडे, रस्त्यावर एसी लावून कमीच मिळतं, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आता तुमच्या प्रश्नाकडे. नवीन गाडीची रेंज वाढली म्हणून जुन्या गाडीची कमी झाली का? नाही ना! शोरूममध्ये 489 चा आकडा ऐकून घरच्या गाडीबद्दल जे वाटतं, त्याचा बॅटरीशी काही संबंध नाही.

ओळखीतल्या एका सरांचं उदाहरण सांगतो. गाडी 2020 च्या अखेरची. रोज शाळेत जाऊन-येऊन 80 किलोमीटर. नवी होती तेव्हा एसी लावून 200 जायची, आता 175. एका व्यापाऱ्यानं त्यांना सांगितलं, बॅटरी बसत आलीय, पाच लाख देतो, वर दहा टाका आणि नवी न्या. मी त्यांना एवढंच विचारलं, सर, शाळा लांब गेली का? ते हसले. 80 ला 175 पुरतात, आणखी काही वर्षं पुरतील. दहा लाखांचं व्याज, नवा विमा, आणि पहिल्या वर्षी नव्या गाडीची पडणारी किंमत मोजली तर वर्षातून दोनदा लागणारी पुण्याची खेप भाड्याच्या गाडीनंही स्वस्त पडते. टोलचं म्हणाल तर राज्याच्या 2025 च्या धोरणानुसार समृद्धी, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारला टोल माफ आहे, आणि टोलनाका गाडीचं वय विचारत नाही. फक्त सवलत कायमची धरू नका. लंडननं ती पूर्ण माफी 2025 च्या अखेरीस बंद केली.

मग बदलायची कधी? इतिहासातून मला चार खुणा दिसतात.

एक, मे महिन्यातल्या दुपारी, एसी लावून, रोजची खेप झाल्यावर बॅटरीत पाव हिस्साही उरत नसेल आणि मध्ये चार्जिंगची सोय नसेल, तर गाडी तुमच्या कामाची राहिली नाही.

दोन, प्लग. सुरुवातीच्या काही गाड्यांना, विशेषतः टॅक्सीत चाललेल्यांना, भारत डीसी-001 नावाचा प्लग आहे. आता हायवेवर नवीन चार्जर लागतात ते सीसीएस-2 चे. घरच्या चार्जिंगला अडचण नाही, पण लांब जायचं असेल तर बॅटरीआधी प्लगच गाडीला म्हातारी करतो.

तीन, वॉरंटी संपायच्या वर्षभर आधी बॅटरीची तपासणी करून लेखी रिपोर्ट घ्या. क्षमता हमीच्या खाली गेली असेल तर दावा वॉरंटी असतानाच लागतो. आणि रिपोर्ट चांगला आला तर तोच कागद पुढं भाव मिळवून देतो.

चार, दुरुस्ती. पॅकमधला एक भाग बिघडला तर तेवढाच बदलून मिळतो का, की अख्खा पॅक घ्यायला सांगतात? सर्व्हिस सेंटर किती लांब? याचं उत्तर समाधानकारक नसेल तर वॉरंटी असताना विकलेली बरी.

या चारपैकी एकही खूण लागू नसेल तर गाडी ठेवा. बॅटरीचे भाव असेच उतरत राहिले तर थांबणाऱ्याचं नुकसान होण्याची शक्यता कमीच.

आता शेवटचा मुद्दा, आणि हा एकट्या-दुकट्याचा नाही. पुण्या-मुंबईला जुनी झालेली गाडी शेवटी कुठं येते? आपल्याकडं. आपल्या तालुक्यातल्या निम्म्या चारचाक्या कुणीतरी आधी वापरलेल्या असतील. उद्या इलेक्ट्रिकचंही तेच होणार. 2028 नंतर वॉरंटी संपलेल्या गाड्या स्वस्तात येतील आणि एखादा पोरगा फायनान्स काढून त्यातली एक घेईल. त्याला आरसीवर गाडीचा रंग, सीटं, चेसिस नंबर सगळं दिसेल. बॅटरी किती शिल्लक आहे, हे दिसणार नाही. काही कंपन्या आता 15 वर्षांपर्यंतची हमी देतात, पण बारीक अक्षरं वाचा, ती पहिल्या मालकाला आहे.

युरोपीय संघानं 2023 मध्ये कायदा केला. फेब्रुवारी 2027 पासून तिथं बाजारात येणाऱ्या प्रत्येक नव्या इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट लागणार. आपल्याकडे 2022 च्या नियमांनी मेलेल्या बॅटरीची विल्हेवाट लावायची जबाबदारी कंपन्यांवर टाकली, ते चांगलंच झालं. पण जिवंत बॅटरीची तब्येत दुसऱ्या मालकाला कोण सांगणार? पेट्रोल गाडीचं पीयूसी आपण दरवर्षी काढतो. मग गाडी नावावर करताना आरटीओत बॅटरीचा एक रिपोर्ट जोडायला काय हरकत आहे? प्रामाणिक विकणाऱ्याला भाव मिळेल, घेणारा फसणार नाही, आणि मधल्याला भीती विकता येणार नाही.

आमदार-खासदारांना रस्ता मागतो तसं हेही मागायला हवं. तोवर ज्यांनी तपासणी करून घेतली आहे त्यांनी गाडीचं वर्ष, फिरलेले किलोमीटर आणि शिल्लक क्षमता खाली कमेंटमध्ये लिहा. आपल्या उन्हात आपल्या गाड्या किती टिकतात, हे आपल्याच लोकांच्या आकड्यांवरून कळू द्या.